छोट्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या: त्या का आल्या, आत काय करतात आणि आज कुठे लागतात

वेबपानाची फाइल हाती आली की ब्राउझर ती वरपासून वाचत जातो आणि मेमरीत तिची एक वंशावळ मांडतो. पानाचा मुख्य भाग हा मूळपुरुष. त्याच्या पोटी मथळा, मेन्यू, फॉर्म; फॉर्मच्या पोटी रकाने आणि बटणं. प्रत्येक घटकाला एकच पालक, मुलं कितीही, आणि शेजारी भावंडं. या वंशावळीला डॉम म्हणतात. स्क्रीनवर आपल्याला दिसतं ते तिचं चित्र. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावर हालचाल घडवणारी ब्राउझरमधली भाषा, त्या चित्राला हात लावत नाही. ती वंशावळ बदलते आणि ब्राउझर चित्र पुन्हा काढतो.

मेन्यू उघडला, चुकलेल्या रकान्याखाली लाल ओळ आली, खरेदीच्या यादीत एक वस्तू वाढली, यातलं काहीही घ्या, आत कामं चारच चालतात. घटक शोधायचा, त्यात बदल करायचा, नवा घटक घालायचा किंवा जुना काढायचा, आणि कुणी क्लिक केलं की कळ दाबली ते ऐकायचं. इतक्या साध्या कामांसाठी शेकडो लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला, उचलून वापरायचा कोड, का निघाल्या, हे समजलं की आज त्यातली कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची हेही आपोआप समजतं.

भांडण ब्राउझरांचं, ताप लिहिणाऱ्याला

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती दहा दिवसांत तयार केली. मायक्रोसॉफ्टने लगेच आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये स्वतःची नक्कल आणली. दोघांच्या चौथ्या आवृत्त्या येईपर्यंत पानावरचा घटक पकडण्याची रीतच वेगळी झाली होती, एकाकडे एक, दुसऱ्याकडे दुसरी. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमचं पहिलं प्रमाण जाहीर केलं आणि नोव्हेंबर २००० मध्ये इव्हेंटचं, म्हणजे क्लिक, कळ दाबणं अशा घटनांचं. नियम कागदावर आले. पण २००१ साली आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ जगभरच्या बहुतेक संगणकांवर बसला आणि त्याची पुढची आवृत्ती यायला पाच वर्षं गेली. इव्हेंटचा प्रमाण नियम मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये पोहोचला तो थेट मार्च २०११ मध्ये, आवृत्ती ९ बरोबर. मधली दहा वर्षं प्रत्येक ओळ दोनदा लिहावी लागायची.

बटणावरचा क्लिक ऐकणं हेच एक काम बारकाईने पाहू. प्रमाणाप्रमाणे ॲडइव्हेंटलिसनर ही पद्धत वापरायची आणि इव्हेंटचं नाव नुसतं 'क्लिक' द्यायचं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पद्धतीचं नाव अटॅचइव्हेंट आणि इव्हेंटचं नाव 'ऑनक्लिक'. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण प्रमाण रीतीत फंक्शनच्या, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणाऱ्या आज्ञांच्या गठ्ठ्याच्या, आत 'धिस' हा शब्द म्हणजे ते बटण. इकडे 'धिस' म्हणजे अख्खी खिडकी. क्लिक नेमका कशावर झाला ते तिकडे 'टार्गेट'मध्ये, इकडे 'सोर्सएलिमेंट'मध्ये. फॉर्म पुढे जाऊ द्यायचा नसेल तर तिकडे प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलवायचं, इकडे रिटर्नव्हॅल्यू 'फॉल्स' करायची. एकाच बटणावर तीन फंक्शनं लावली तर तिकडे ती लावलेल्या क्रमाने चालत. इकडे क्रमाची हमीच नाही. वर, फंक्शन आणि घटक एकमेकांना धरून बसले की आवृत्ती ६ ची मेमरी गळायची आणि पान बंद केलं तरी ती जागा परत मिळायची नाही.

म्हणून प्रत्येक जण आपलं एक छोटं फंक्शन लिहून ठेवायचा: ॲडइव्हेंटलिसनर आहे का बघ, असेल तर ते वापर, नसेल तर अटॅचइव्हेंट वापर आणि वरचे सगळे फरक भरून काढ. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्न विचारण्याची पद्धत. 'तू कोणता ब्राउझर?' असं विचारायचं नाही. 'तुला हे येतं का?' असं विचारायचं. ब्राउझर स्वतःचं नाव खोटं सांगतात, नव्या आवृत्तीत त्यांना नव्या गोष्टी येतात, आणि नावावर बांधलेलं गणित वर्षभरात चुकतं. चांगली लायब्ररी ओळखायची एक खूण हीच. तिच्या आत ब्राउझरांची नावं जितकी कमी, तितकी ती टिकाऊ.

२००५ साली या एका फंक्शनसाठी चक्क स्पर्धा झाली. क्वर्क्समोड या नावाने ब्राउझरांमधले फरक नोंदवणाऱ्या पीटर-पॉल कॉख यांनी ती घेतली आणि जिंकली जॉन रेसिग यांनी. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००६ मध्ये, न्यूयॉर्कच्या बारकॅम्प या मेळाव्यात रेसिग यांनी जेक्वेरी ही आपली लायब्ररी मांडली.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही

जेक्वेरीच्या आधी सॅम स्टीफन्सन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी २००५ मध्ये आली होती, रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बनवण्याच्या साधनाच्या सोबतीने. एका डॉलर चिन्हात घटक पकडायची कल्पना तिने लोकप्रिय केली. पण तिची आणि पाठोपाठ आलेल्या मूटूल्सची रीत अशी की ब्राउझरच्या स्वतःच्या वस्तूंमध्येच आपल्या पद्धती घुसवायच्या. म्हणजे ॲरे (यादी) ही जावास्क्रिप्टची मूळ वस्तू, तिलाच 'फ्लॅटन' नावाची नवी पद्धत चिकटवायची. वापरायला फार गोड.

याचं बिल बारा वर्षांनी आलं. आतल्या याद्या सपाट करणारी पद्धत जावास्क्रिप्ट भाषेतच आणायचं ठरलं आणि तिचं स्वाभाविक नाव 'फ्लॅटन' होतं. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातल्यावर मूटूल्सवर चालणारी जुनी साइट मोडली. इंटरनेटवरची जुनी पानं मोडायची नाहीत हा ब्राउझरवाल्यांचा पक्का दंडक. त्यामुळे भाषेलाच माघार घ्यावी लागली आणि २०१९ च्या प्रमाणात ती पद्धत 'फ्लॅट' या नावाने आली. दोन-चार जणांनी सोयीसाठी केलेली गोष्ट अख्ख्या भाषेला नाव बदलायला लावते, हे उदाहरण मला लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

रेसिग यांनी ब्राउझरच्या वस्तूंना धक्का लावला नाही. जेक्वेरीत घटक शोधला की तो तिच्या स्वतःच्या वेष्टनात येतो. वेष्टनात एक घटक असो, पन्नास असोत वा एकही नसो, त्यावर पुढची आज्ञा तशीच चालते, आणि बहुतेक आज्ञा वेष्टनच परत देतात, म्हणून आज्ञांची साखळी करता येते. आज मिळणाऱ्या बहुतेक छोट्या लायब्रऱ्या याच आराखड्यावर उभ्या आहेत. यात एक धोका मात्र आहे. घटक सापडलाच नाही तरी जेक्वेरी गप्प राहते. घटकांच्या गटाला दिलेल्या नावात, म्हणजे क्लासमध्ये, एक अक्षर चुकलं तर ना चूक दिसते, ना काम होतं, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. ब्राउझरची स्वतःची क्वेरीसिलेक्टर पद्धत अशा वेळी 'नल', म्हणजे 'काही नाही', देते आणि पुढच्याच ओळीला कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरं उमटतात. शिकणाऱ्यासाठी ती लाल अक्षरं फार मोलाची आहेत.

हलक्या लायब्रऱ्या का निघाल्या

जेक्वेरीत जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी लिहिलेला मजकूर भरपूर होता. पण आयफोन आणि अँड्रॉइड आले तेव्हा त्या फोनांत इंटरनेट एक्सप्लोरर नव्हताच; मग ते ओझं फोनवर पाठवायचं कशाला? या विचारातून थॉमस फुक्स यांनी २०१० च्या सुमारास झेप्टो लिहिली. लिहायची पद्धत जेक्वेरीचीच, जुन्या ब्राउझरांचा भाग वगळलेला. ट्विटरमधल्या डस्टिन डियाझ आणि जेकब थॉर्नटन यांनी २०११ मध्ये एंडर आणली. तिचं म्हणणं वेगळं: एक मोठी लायब्ररी नकोच. शोधायला एक तुकडा, बदलायला दुसरा, इव्हेंटला तिसरा. लागेल तेवढे जोडा. जेक्वेरीनेही २०१३ च्या आवृत्ती २ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६, ७ आणि ८ सोडून दिले. नंतर कॅश, अंब्रेला, ब्लिस अशा आणखी लहान लायब्रऱ्या आल्या. जेक्वेरीची तिसरी आवृत्ती दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, साधारण ३० केबी भरते. कॅश सुमारे ६ आणि अंब्रेला सुमारे ३.

३० केबी म्हणजे काय मोठं, एक फोटो याहून जड असतो, असं कुणी म्हणेल. फोटो उतरला की ब्राउझरला तो फक्त रंगवायचा असतो. जावास्क्रिप्टचं तसं नाही. दाबलेली ३० केबीची फाइल उलगडली की ८५ केबीच्या वर जाते, ती सगळी वाचावी लागते, समजून घ्यावी लागते आणि चालवावी लागते. स्वस्त अँड्रॉइड फोनच्या प्रोसेसरला हे काम जाणवतं. शिवाय स्क्रिप्टचा टॅग, म्हणजे ती फाइल मागवणारी एचटीएमएलमधली खूण, पानाच्या डोक्यात नुसता ठेवला तर ती फाइल येऊन चालेपर्यंत ब्राउझर पुढचं पान वाचतच नाही. त्यामुळे लायब्ररी बदलायच्या आधी त्या टॅगला 'डिफर' लावा, म्हणजे फाइल पान वाचून झाल्यावर चालेल. एका शब्दाचा बदल आहे आणि पुष्कळदा फायदा लायब्ररी बदलण्याहून मोठा होतो. मात्र त्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या फाइलींनाही 'डिफर' लावा आणि पानातच लिहिलेल्या स्क्रिप्ट तपासा, नाहीतर लायब्ररी यायच्या आधीच त्या चालू होतील.

आत नेमकं काय असतं: तक्त्याची एक ओळ

लायब्ररीची खरी मेहनत दिसते ती आडवळणाच्या जागी. समजा, तुम्हाला तक्त्यात एक नवी ओळ घालायची आहे आणि ती ओळ टॅगांसकट एका मजकुरात तयार आहे. सरळ मार्ग असा वाटतो: रिकामा डिव, म्हणजे साधा डब्यासारखा घटक, घ्या, त्याच्या इनरएचटीएमएलमध्ये, म्हणजे आतल्या भागात, हा मजकूर टाका, तयार झालेली ओळ उचला आणि तक्त्यात ठेवा. करून बघा. ओळीचा टॅग गायब, कप्प्यांचे टॅग गायब, उरतात फक्त आतले शब्द.

यात ब्राउझरचं काही चुकत नाही. तक्त्याची ओळ तक्त्याबाहेर राहू शकत नाही हा एचटीएमएलचा नियम आहे, म्हणून डिवमध्ये आलेला ओळीचा टॅग तो टाकून देतो. जेक्वेरीच्या आत यासाठी एक छोटी यादी आहे: मजकूर ओळीच्या टॅगने सुरू होत असेल तर आधी त्याला तक्ता आणि तक्त्याचं अंग यांत गुंडाळ, मग इनरएचटीएमएल कर, मग दोन पायऱ्या आत उतरून ओळ बाहेर काढ. कप्पा असेल तर आणखी एक पायरी. कुणाच्या नजरेत न येणाऱ्या अशा दहा-बारा ओळींसाठी लायब्ररी वापरायची असते. आता टेम्प्लेट नावाचा टॅग सगळ्या ब्राउझरांत आहे आणि त्याच्या आत ओळ जशीच्या तशी राहते, त्यामुळे गुंडाळण्याची गरज उरली नाही. पण एखादी तीन केबीची लायब्ररी पारखायची असेल तर पहिली परीक्षा हीच घ्या: तिला तक्त्याची एक ओळ बनवायला सांगा.

दुसरी परीक्षा सुरक्षिततेची. जेक्वेरीच्या डॉलरला शोधायचा पत्ताही देता येतो आणि टॅगांचा मजकूरही. कुठलं काय ते ती ओळखते. ही सोय घातक ठरली. पुष्कळ साइट पत्त्याच्या पट्टीतला हॅशनंतरचा भाग थेट डॉलरला देत. कुणी त्या जागी टॅग लिहून लिंक पाठवली की पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये परकी स्क्रिप्ट चालायची. २०१३ च्या आवृत्ती १.९ पासून मजकूर टॅगच्या चिन्हानेच सुरू होत असेल तरच तो एचटीएमएल मानला जातो, आणि २०२० च्या ३.५ मध्ये आणखी एक भोक बुजवलं. तुम्ही कुठलीही लायब्ररी वापरा वा न वापरा, बाहेरून आलेला मजकूर टेक्स्टकंटेंटनेच, म्हणजे टॅग न मानता नुसते शब्द म्हणून, पानावर ठेवा. नाव, पत्ता, प्रतिक्रिया, काहीही असो.

आज ब्राउझरला स्वतःला काय येतं

जेक्वेरीने लोकांना लावलेल्या सवयी ब्राउझरांनी एकेक करून उचलल्या. सीएसएसच्या पत्त्याने घटक शोधणं, क्लास लावणं-काढणं, सर्वांत जवळचा पूर्वज शोधणं, घटक जोडणं आणि उचलणं, सर्व्हरकडून माहिती मागवणं, हे सगळं आता कुठल्याही लायब्ररीविना होतं. गिटहब या कोड साठवण्याच्या साइटने २०१८ मध्ये आपल्या पानांवरून जेक्वेरी काढली, बूटस्ट्रॅप या तयार डिझाइनच्या संचाच्या पाचव्या आवृत्तीने २०२१ मध्ये. आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा डेस्कटॉपवरचा आधार थांबवला.

मग उरतं काय? उरतो तो लिहिण्याचा कंटाळा. क्वेरीसिलेक्टरऑल हे नाव लांब आहे आणि सापडलेल्या प्रत्येक घटकासाठी फेरी घालावी लागते. त्यासाठी माझं स्पष्ट मत असं, की आपली तीन छोटी फंक्शनं लिहून घ्यावीत. एक शोधणारं, जे खरा ॲरे परत देतं. एक घटक बनवणारं, जे टॅगचं नाव, गुणधर्म आणि मुलं घेतं. आणि एक ऐकणारं, ज्यावर थोडं थांबायला हवं.

यादीत शंभर ओळी आणि प्रत्येकीत 'काढा' बटण असेल तर शंभर ठिकाणी कान लावायचे नाहीत. यादीवर एकदाच लावायचा, कारण क्लिक बटणापासून वर पूर्वजांकडे चढत जातो. नंतर घातलेल्या ओळींनाही हे आपोआप लागू पडतं. फसगत होते ती बटणात कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं तेव्हा. बोट चित्रावर पडतं, 'टार्गेट' म्हणून चित्र येतं, आणि 'हे बटण आहे का?' या प्रश्नाला 'नाही' उत्तर मिळतं. म्हणून टार्गेटवर क्लोजेस्ट चालवायचं, म्हणजे चित्रापासून वर जात बटण सापडतं. आणि रकान्यात शिरल्याचा 'फोकस' हा इव्हेंट वर चढतच नाही. तिथे 'फोकसइन' ऐकायचं. एवढं सांभाळलं की हे फंक्शन दहा ओळींत बसतं.

जुन्या पद्धतींपैकी एकीपासून जपा. गेटएलिमेंट्सबायक्लासनेम जिवंत यादी देते. तिच्यावर फेरी घालत प्रत्येक घटकाचा तोच क्लास काढला तर घटक यादीतून निसटतो, पुढचा त्याच्या जागी सरकतो आणि एकाआड एक घटक सुटतात. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी गोठलेली असते, तिथे हे होत नाही.

फरक अजून आहेत, पण जागा बदलली

मराठीत फॉर्म बनवणाऱ्यांना आजचे फरक नेमके टायपिंगमध्ये भेटतात. जुन्या पद्धतीने 'कीडाउन' ऐकून कुठली कळ दाबली ते बघाल, तर अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बहुतेक कळांसाठी २२९ हा एकच आकडा येईल, कारण शब्द अजून कीबोर्ड ॲपच्या हातात जुळत असतो. कळा ऐकू नका. रकान्यात बदल झाला की येणारा 'इनपुट' इव्हेंट ऐका. रोमन अक्षरं टाइप करून सुचवलेला मराठी शब्द एंटरने पक्का करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक फरक आहे. क्रोममध्ये एंटरची खबर आधी येते आणि शब्द अजून जुळतोय हेही तिच्यासोबत कळतं. सफारीत शब्द पक्का झाल्याची खबर आधी आणि एंटरची नंतर. एंटरवर शोध सुरू करणारा रकाना त्यामुळे सफारीत अर्धवट शब्दावरच धावतो. तिथे मात्र तो २२९ आकडा कामी येतो: एंटरसोबत तो आला तर समजायचं की माणूस अजून लिहितोय.

अक्षरं मोजण्याचंही तसंच. 'महाराष्ट्र' या शब्दाची लांबी विचारली तर जावास्क्रिप्ट १० सांगते, कारण ती काने, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजते. वाचणाऱ्याला दिसतात चार अक्षरं. रकान्याची कमाल मर्यादाही याच हिशेबाने चालते, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेली वीस अक्षरांची मर्यादा मराठी नाव मध्येच तोडते. यावर ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर ही दिसणारी अक्षरं वेगळी करणारी सोय आहे. क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२४ पासून. जोडाक्षर न तोडण्याचा नियम यूनिकोड या लिपींच्या जागतिक प्रमाणाच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, म्हणून ब्राउझरच्या आवृत्तीप्रमाणे उत्तर वेगळं येऊ शकतं. हलक्या डॉम लायब्रऱ्या यात पडत नाहीत, हे त्या घेताना लक्षात असू द्या.

मग घ्यायचं काय

वर्डप्रेसची साइट असेल तर जेक्वेरी बहुधा आधीच आलेली असते. तिच्याशेजारी आणखी एक हलकी लायब्ररी बसवली तर वजन वाढतंच. तिथे जेक्वेरीच वापरा आणि जुन्या प्लगिनांवर, म्हणजे जोडलेल्या जादा सुविधांवर, नजर ठेवा. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने जुन्या पद्धतींना टेकू देणारी मायग्रेट फाइल काढली तेव्हा अनेक साइटचे मेन्यू आणि स्लाइडर बंद पडले होते. पान रिॲक्ट या मोठ्या लायब्ररीने बनलेलं असेल तर वरची कुठलीच लायब्ररी त्या भागात आणू नका. रिॲक्टला वंशावळ आपल्या हातात लागते. दुसऱ्याने गुपचूप घटक उचलला की तिचा हिशेब चुकतो. नवं साधं पान असेल तर ब्राउझरच्या पद्धती आणि आपली तीन फंक्शनं पुरतात. दहा-पंधरा पानांची जुनी जेक्वेरी साइट हलकी करायची असेल तर कॅश बसते का बघा, लिहिण्याची पद्धत जवळपास तीच आहे. झेप्टोचं काम कित्येक वर्षं थांबलेलं आहे, नव्या कामाला ती घेऊ नका.

आणि फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. सगळे एकाच ठिकाणची जेक्वेरी वापरतात म्हणून ती पाहुण्याकडे आधीच साठलेली असते, हा जुना युक्तिवाद संपला. क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला. उलट जोखीम आहे. जुन्या ब्राउझरांची उणीव भरून काढणारी पॉलिफिल डॉट आयओ ही सेवा २०२४ च्या सुरुवातीला विकली गेली, आणि जूनमध्ये उघड झालं की तिच्यावरून आलेली स्क्रिप्ट पाहुण्यांना भलत्याच साइटवर नेत होती. एक लाखाहून जास्त साइटवर तो टॅग होता. यातल्या कितीतरी साइटना त्या सेवेची गरज केव्हाच संपली होती. टॅग तेवढा काढायचा राहिला होता.

आपल्या पानावर असं काय पडून आहे ते क्रोममध्येच कळतं. डेव्हलपर टूल्स उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून आज्ञेची पट्टी आणा, 'कव्हरेज' शोधा आणि पान पुन्हा लोड करा. प्रत्येक फाइलपुढे न वापरलेल्या भागाची लाल पट्टी दिसेल. मग मेन्यू उघडा, फॉर्म भरा, पानावरची सगळी बटणं एकदा दाबा, आणि त्यानंतरही जी फाइल जवळपास पूर्ण लाल राहते तिच्यापासून सुरुवात करा.